खोडलेला शेरा

फार फार पूर्वीची गोष्ट आहे. इतकी पूर्वीची, की तेव्हा राजा कोण होता आणि त्याच्या राणीचे नाव काय, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पूर्वेला, चीन देशाच्या डोंगरांत, एका रुंद नदीच्या काठी एक राज्य होते. त्या राज्यात माणसाची किंमत त्याच्या अक्षरावरून ठरत असे.

लहान मुलांनो, हसू नका. आणि मोठ्यांनो, तुम्ही तर मुळीच हसू नका. आपण तरी माणसे कशाकशावरून पारखतो, ते आपले आपल्याला ठाऊक आहे.

त्या राज्यातली माणसे कुंचल्याने लिहीत. शाईची वडी दगडावर पाण्यात उगाळायची, कुंचला बुडवायचा आणि मनगट कुठेही न टेकता कागदावर एकेक फराटा ओढायचा. एकदा ओढलेल्या फराट्यावर पुन्हा कुंचला फिरवायचा नाही, हा तिथला पहिला नियम. फराटा वाकडा गेला तर वाकडा राहू द्यायचा. त्याला मागाहून ठाकठीक करणे म्हणजे खोटे बोलणे, असे तिथल्या आया मुलांना शिकवत.

आणि हे लिहिलेले पारखायला पारखी असत. त्यांची भाषा मोठी मजेची होती. अक्षर चांगले किंवा वाईट, एवढे म्हणून त्यांचे भागत नसे. अक्षराला देह असतो असे ते मानत. फराट्यात जोर असला की म्हणत, याला हाड आहे. शाई भरघोस असली की म्हणत, मांस आहे. एका फराट्यातून दुसरा सहज निघाला तर शिरा जुळल्या, आणि शाई ताजी टवटवीत दिसली तर रक्त खेळते आहे. नुसतेच मांस, हाडाचा पत्ता नाही, अशा अक्षराला ते ‘शाईचे डुक्कर’ म्हणत. एका गलेलठ्ठ कोठीवाल्याला हा शेरा मिळाला, तेव्हा त्याने महिनाभर घराबाहेर तोंड काढले नाही आणि डुकराचे मांस तर जन्मभर सोडले.

देहाचे शब्द संपले की स्वभावाचे सुरू होत. बघणाऱ्याची मर्जी सांभाळत लिहिलेले अक्षर ‘लाडिक’. चारचौघांची वाहवा मिळवायला लिहिलेले ‘बाजारी’. दाखवण्याची हौस फिटल्यावर उरते ते ‘पोक्त’. आणि एक शब्द फार क्वचित निघे. तो म्हणजे ‘अनघड’. डोंगरातला न घडवलेला दगड दिसायला ओबडधोबड, पण आतून अखंड असतो, तसे अक्षर. अनघड अक्षर सुंदर नसे, पण त्यात खोटे काही नसे. पारखी या शब्दाला सगळ्यांत वर ठेवत, आणि इतका वर ठेवत की तो कुणाच्या हाताला लागतच नसे.

आता अक्षराला लावलेला शब्द अक्षरापाशीच थांबला असता, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण तो जाऊन माणसाला चिकटे. ज्याचे अक्षर लाडिक, तो माणूस लाळघोट्या. ज्याचे बाजारी, त्याच्या घरी सोयरीक करायला लोक कचरत. आणि ज्याच्या अक्षरात हाड नाही, त्याच्या हाती कुणाचा जीव सोपवू नये, असा तर राजाच्या आजोबांनी कायदाच करून ठेवला होता.

म्हणून दर वसंतात राज्याचे सगळे चाकर एकाच मजकुराच्या बारा ओळी लिहून देत. कागदावर नाव नसे. पारख्याने नाव न बघता शेरा लिहायचा, खाली आपला तांबडा शिक्का उमटवायचा. मग नावे लावून ते कागद दरबाराच्या लांब दालनात दहा दिवस टांगले जात. येणारा जाणारा ते वाचत असे. दहाव्या दिवशी राजा आपली मोहोर लावी आणि शेरा कायम होई.

हे काम वीस वर्षे एक बाई करत होत्या. सगळे त्यांना पारखीबाई म्हणत. त्यांच्या गुरुजींनी चाळीस वर्षे हेच काम करून आपला हिरव्या दगडाचा शिक्का त्यांच्या हाती दिला होता. पारखीबाई कडक होत्या, पण त्यांनी कधी कुणाचा वशिला ऐकला नाही, की कुणाचा राग शेऱ्यात उतरू दिला नाही. राज्यात म्हणत, नदी एकवेळ पात्र बदलील, पारखीबाईंचा शेरा बदलणार नाही. हे ऐकून बाईंना बरे वाटे. कुणाला वाटणार नाही?

त्यांची कामाची एक रीत होती. गुरुजींनीच ती शिकवली होती. कागद समोर ठेवायचा, कोरडा कुंचला घ्यायचा आणि लिहिणाऱ्याच्या प्रत्येक फराट्यावरून, कागदाला न शिवता, हवेत हात फिरवायचा. जिथे तो थांबला तिथे थांबायचे. जिथे तो धावला तिथे धावायचे. बारा ओळी अशा फिरवल्या की लिहिणाऱ्याचा हात आपल्या हातात येतो. मग शेरा लिहायचा.

त्या वर्षी दोनशे कागद आले. शंभरापर्यंत बाईंनी हात फिरवला. मग खांदा भरून आला. मनात आले, वीस वर्षे झाली, आता माझे डोळेच हात झाले आहेत. आणि उरलेले शंभर त्यांनी नुसत्या डोळ्यांनी वाचले. त्या शंभरांतल्या एका कागदावर त्यांनी लिहिले, ‘बिनहाडाचे’. शिक्का उमटवला आणि पुढचा कागद ओढला. एवढा वेळ तर आपल्याला कांदा सोलायला लागतो.

कागद टांगल्याला चार दिवस झाले होते. सकाळी बाई अंगणात शाई उगाळत होत्या. दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. पायघोळ अंगरखा गुडघ्यापर्यंत ओला, पायांना चिखल, हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गाठीगाठींचे.

“मी बंधाऱ्याच्या दाराचा राखणदार,” तो म्हणाला. “वरच्या बंधाऱ्याचा. माझा कागद दालनात तिसऱ्या रांगेत आहे.”

बाईंच्या लक्षात आले. असे लोक दरवर्षी येत. कुणी रडे, कुणी भांडे. त्यांनी उगाळणे थांबवले नाही.

“शेरा लिहून झाला, बाबा. त्यात आता काही होत नाही.”

“नाही, नाही. शेऱ्याबद्दल माझं काही म्हणणं नाही,” म्हातारा घाईने म्हणाला. “तुम्ही शिकलेल्या. हाड नाही म्हणालात, तर नसणार. मी विचारायला आलोय, की ते घालतात कसं? दहा दिवसांतले सहा राहिलेत. शिकवाल तर शिकेन म्हणतो.”

बाईंचा हात थांबला. वीस वर्षांत हे कुणी विचारले नव्हते.

“सहा दिवसांत?”

“बाईसाहेब, पुरात बंधाऱ्याचं दार निखळलं होतं, ते मी छातीएवढ्या पाण्यात उभं राहून एका दिवसात बसवलंय. सहा दिवस म्हणजे पुष्कळ झाले.”

“आणि नाही जमलं तर?”

म्हाताऱ्याने अंगरख्याचे ओले टोक पिळले. “तर दार जाईल. माझ्या जागी कचेरीतला एक तरुण येणार आहे. पोरगा चांगला आहे, अक्षर तर काय, बघत राहावं. पण पाणी त्यानं गुडघ्यावर कधी पाहिलेलं नाही. दार उघडायचं कधी, किती फळ्या काढायच्या, हे त्याला कळायला दोन पावसाळे जातील. खाली सात गावं आहेत.” मग तो खालच्या आवाजात म्हणाला, “आणि बाजारात पोरंसोरं विचारतात, दार तुम्ही उघडता की दार तुम्हाला उघडतं? सून पाण्याला जायची थांबलीय. मला जगायचे दिवस किती राहिलेत? पण हा शब्द माझ्या नावापुढे लावून मी मरणार नाही. हाड नसेल तर घालून घेईन.”

बाईंना त्याची थोडी कीव आली आणि थोडे हसूही आले. तरी त्यांनी चटई टाकली, कागद दिला आणि कुंचला हातात ठेवला. म्हाताऱ्याने तो मुठीत धरला, जसा आपण कुदळीचा दांडा धरतो.

“असा नाही, बाबा. बोटांत.”

“बोटं वळत नाहीत हो. चाळीस वर्षं ओला दोर ओढलाय. मूठच चालते.”

मग मुठीनेच तो लिहू लागला. एकेका फराट्याला त्याला तीन श्वास लागत. दुसऱ्या कुणाची एक ओळ होईल तेवढ्यात त्याचे एक अक्षर होई. बाई म्हणत, इथे शाई तुटली. तो म्हणे, बरं. त्या म्हणत, ही रेघ सुकली. तो म्हणे, बरं, आणि नवा कागद घेई. पहिल्या दिवशी हे चालले. दुसऱ्या दिवशीही चालले. रोज पहाटे पाण्याची खूण बघून तो दोन कोस चालत येई आणि दुपारी पुन्हा खूण बघायला परत जाई. एकदाही त्याने “झालं का?” असे विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी बाईंचा धीर सुटला. याला समजेल अशा रीतीने एकदाच दाखवून द्यावे, म्हणून त्यांनी दालनातून त्याचा मूळ कागद उतरवून आणला. चटईवर पसरला. कोरडा कुंचला हातात घेतला.

“बघा बाबा. मी तुमच्या फराट्यांवरून हात फिरवते. जिथे हाड नाही, तिथे माझा हात ढिला पडेल. तिथे मी थांबून सांगते.”

त्यांनी पहिल्या फराट्यावरून हात फिरवायला घेतला. हात ढिला पडला नाही. दुसऱ्यावर पडला नाही. पहिली ओळ संपली, दुसरी संपली. कुठेही ढिलाई नव्हती. प्रत्येक वळणावर तो म्हातारा थांबला होता, टेकला होता, आणि पूर्ण जोर लावून वळला होता. एकही फराटा त्याने मध्येच सोडला नव्हता. कुठे रेघ सुकली होती, पण सुकलेल्या रेघेतही तो शेवटपर्यंत चालत गेला होता. एकाही ठिकाणी मागाहून सावरलेले नव्हते, नटवलेले नव्हते. सहाव्या ओळीशी बाईंचे मनगट दुखू लागले. नवव्या ओळीशी खांदा थरथरू लागला. बारावी ओळ त्यांनी दात आवळून पुरी केली आणि कुंचला खाली ठेवला.

आपले काय चुकले ते त्यांना लख्ख दिसले होते. या अक्षरावर मांस नव्हते. सुबकपणाचा तेवढा लेप नव्हता, म्हणून नुसत्या डोळ्यांना ते खंगलेले दिसले, आणि मांस नाही हे बघून त्यांनी हाड नाही असे लिहून टाकले. खरे तर त्या कागदावर हाडाशिवाय दुसरे काही नव्हतेच. लोक ज्याला आयुष्यभर शोधतात ते अनघड अक्षर त्यांच्या समोर आले होते, आणि त्यांनी ते कांदा सोलावा तसे बाजूला टाकले होते.

बाईंना शरम वाटली. अशी शरम त्यांना लहानपणापासून वाटली नव्हती.

“बाबा,” त्या म्हणाल्या, “हाड घालायची काही गरज नाही. ते आहे. शेरा माझा चुकला.”

म्हातारा आनंदाने उड्या मारील असे वाटले होते, पण त्याने फक्त कुंचला धुऊन जागेवर ठेवला.

“मग आता?”

“आता तो खोडायचा.”

“खोडता येतो?”

“आजपर्यंत कुणी खोडलेला नाही.”

म्हाताऱ्याने थोडा विचार केला. “बाईसाहेब, माझी दया येऊन खोडणार असाल तर खोडू नका. दयेचं दार मला नको. चुकला असेल तरच खोडा.”

“तुमच्यासाठी खोडत नाहीये,” बाई म्हणाल्या. “चुकलाय.”

तो गेला आणि बाई तडक गुरुजींकडे निघाल्या. गुरुजी ऐंशीच्या पुढचे, ओसरीवर उन्हात बसून होते. बाईंनी सगळे सांगितले. काही लपवले नाही. शंभर कागदांवर हात फिरवला नाही, हेही सांगितले. गुरुजींनी डोळे मिटून ऐकून घेतले.

“ओढलेल्या फराट्यावर पुन्हा कुंचला फिरवत नाहीत,” ते म्हणाले. “हे मी तुला पहिल्या दिवशी शिकवलं.”

“शिकवलंत. पण मी फराटा सुधारायला जात नाहीये, गुरुजी. तो चुकीचा आहे असं सांगायला जातेय.”

“लोकांना तो फरक कळणार नाही. एक शेरा खोडलास, की वीस वर्षांचे सगळे शेरे डळमळतील. माझेही डळमळतील. त्या शिक्क्यावर साठ वर्षांचा विश्वास आहे. एका राखणदारासाठी तो उधळायचा? त्याला दुसरं काम देता येईल. मी महाराजांच्या कानावर घालतो.”

“त्याला काम नकोय. त्याचं नाव हवंय.”

बाई जायला उठल्या. मग एकाएकी वळून त्यांनी विचारले, “गुरुजी, चाळीस वर्षांत तुमचा एकही शेरा चुकला नाही?”

गुरुजींनी डोळे उघडले. अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत राहिले.

“चुकला,” ते म्हणाले. “एकदा. तो माणूस पंतोजी होता. मी त्याचं अक्षर लाडिक म्हणालो. वर्षभरानं त्याचं जुनं लिखाण हाती आलं, त्यावरून हात फिरवला, तेव्हा कळलं की तो लाडिक नव्हता. त्याचा हात मऊ होता, मनच मऊ होतं त्याचं. पण तेव्हा मोहोर लागून गेली होती. मी गप्प राहिलो. शाळा सुटली त्याची. लाळघोट्या म्हणून लोक हसले, आणि तो तसाच गेला. तू जा आता. मला थकवा आलाय.”

दहाव्या दिवशी दरबाराचे दालन गच्च भरले. राजा आला, त्याच्यामागून गुरुजींना धरून आणले. मानाने ते राजाच्या शेजारी बसत. राजा वयाने तरुण आणि स्वभावाने वाईट नव्हता, पण त्याला गडबड आवडत नसे. गडबड न आवडणारी माणसे कधीकधी वाईट माणसांपेक्षा जड जातात.

पारखीबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, “महाराज, मोहोर लावण्याआधी मला एक शेरा बदलायचा आहे. वरच्या बंधाऱ्याच्या राखणदाराचा. तो चुकला आहे.”

दालनात कुजबूज झाली. राजाने हात वर करून ती थांबवली आणि बाईंना जवळ बोलावले.

“बाई, तुमच्याबद्दल मला आदर आहे,” तो हळू आवाजात म्हणाला. “असं करू. तो कागद काढून घ्या. राखणदाराकडून दुसरा लिहून घ्या, त्यावर तुम्हाला हवा तो शेरा लिहा आणि गुपचूप तिथे टांगा. जुना जाळून टाका. दार त्याला मिळेल, शिक्का तुमच्याकडे राहील, कुणाला काही कळायचं नाही.”

खरे सांगायचे तर बाईंच्या मनात हे आधीच येऊन गेले होते. तुमच्या आमच्याही आले असते. किती सोपे होते ते. पण त्यांनी मान हलवली.

“महाराज, वाकड्या फराट्यावर गुपचूप कुंचला फिरवणं ते हेच. पारख्यानं ते केलं, तर बाकीच्यांनी का करू नये? आणि दहा दिवस राज्यानं तो शब्द वाचलाय. ज्यांनी तो वाचला, त्यांच्यासमोरच तो खोडला पाहिजे. नाहीतर त्या माणसाचा कागद बदलेल, बाजारातल्या तोंडचा शब्द बदलणार नाही.”

“मग उद्यापासून तुमच्या दारात प्रत्येकजण शेरा बदला म्हणून उभा राहील.”

“राहू दे. मी प्रत्येकाचा कागद पुन्हा तपासीन.”

राजा थोडा चिडला. “कायदा तुम्हाला माहीत आहे. ज्या पारख्याचा शेरा चुकला असं ठरतं, त्याचा शिक्का फोडतात. कशानं तपासाल?”

“मग शिक्क्याशिवाय तपासीन,” बाई म्हणाल्या.

राजाने गुरुजींकडे पाहिले. गुरुजी मान खाली घालून बसले होते. शेवटी राजा म्हणाला, “करा, काय करायचं ते.”

बाईंनी दालनाच्या मधोमध बसून स्वतःच शाई उगाळली. घाई केली नाही. कागद समोर घेतला. आपल्याच हातच्या ‘बिनहाडाचे’ या शब्दावरून त्यांनी एक आडवी रेघ ओढली. जाड ओढली नाही. खालचा शब्द सगळ्यांना वाचता यावा, एवढीच ओढली. शेजारी लिहिले, ‘अनघड’. आणि त्याखाली लिहिले, ‘पहिला शेरा चुकीचा होता. मी हात न फिरवता नुसत्या डोळ्यांनी वाचले.’ शेवटच्या शब्दाशी शाईचा एक थेंब कागदावर पडला. तो त्यांनी पुसला नाही.

मग शिक्का पुढे केला. शिपायाने तो दगडावर ठेवून हातोडीने फोडला. दोन घाव लागले. साठ वर्षांचा हिरवा दगड तुकडे होऊन पसरला, तेव्हा बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांना फार वाईट वाटले, यात लपवण्यासारखे काही नाही. जे बरोबर आहे ते करूनही वाईट वाटू शकते, मुलांनो.

राखणदार कुठे आहे म्हणून लोक बघू लागले, तर तो नव्हताच. शेरा खोडलेला बघून त्याने बाईंना लांबूनच नमस्कार केला होता आणि दुपारच्या पाण्याची खूण बघायला तो बंधाऱ्याकडे निघून गेला होता.

राजा मोहोर उचलणार, तेवढ्यात काठीचा आवाज झाला. गुरुजी उठून उभे राहिले होते. दोघांनी धरायला हात पुढे केले, ते त्यांनी बाजूला सारले. एकेक पाऊल टाकत ते बाई बसल्या होत्या तिथे आले आणि खाली बसले.

“तो कुंचला दे,” ते बाईंना म्हणाले. मग राजाकडे वळून म्हणाले, “महाराज, जुन्या कागदांच्या कोठीतून एक कागद आणवा. एका पंतोजीचा आहे. तीस वर्षांपूर्वीचा. मला त्यावरचा शेरा खोडायचाय.”

राजा गोंधळला. “गुरुजी, तो माणूस जिवंत तरी आहे का?”

“नाही.”

“मग खोडून काय उपयोग?”

“माणूस गेला, महाराज,” गुरुजी म्हणाले. “शेरा अजून जिवंत आहे. त्याची मुलगी याच गावात राहते आणि आजही तिला लोक लाळघोट्याची मुलगी म्हणतात.”

कागद आणला. तो पिवळा पडला होता, कडांना फाटला होता. गुरुजींचा हात इतका थरथरत होता की रेघ तीन ठिकाणी वाकली. कुणीही पारखी तिला सुंदर म्हणाला नसता. पण ‘लाडिक’ या शब्दावरून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. गुरुजींनी शेजारी लिहिले, ‘मायाळू’, आणि कुंचला खाली ठेवून ते रडले. बाईंनी त्यांचा हात धरला.

तेव्हा राजाने मोहोर खाली ठेवली. त्या दिवशी ती लागलीच नाही. पारखीबाई महिनाभर त्या दालनात बसल्या आणि उरलेल्या नव्याण्णव कागदांवरून त्यांनी एकेक करून कोरडा कुंचला फिरवला. आणखी चार शेरे चुकलेले निघाले. तेही सगळ्यांसमोर खोडले. पंतोजीच्या मुलीला बोलावून राजाने वडिलांचा कागद तिच्या हाती दिला. तिने तो घरी नेला नाही. “इथेच टांगा,” ती म्हणाली, “ज्यांनी आधी वाचला त्यांनी पुन्हा वाचू दे.”

बाईंना नवा शिक्का मिळाला नाही. कायदा तो कायदाच. पण गंमत अशी, की पुढच्या वसंतात नव्या पारख्याचा शिक्का असलेले कागद घेऊनही लोक आधी बाईंच्या अंगणात येत आणि म्हणत, तुम्ही एकदा हात फिरवून बघा. आणि त्या राज्यात तेव्हापासून एक रीत पडली. शेरा लिहिताना त्याच्या शेजारी चार बोटे जागा कोरी सोडायची. शेरा चुकला तर खोडून खरा शब्द लिहायला. ती जागा न सोडणाऱ्या पारख्याचा शेरा कुणी वाचतही नसे.

म्हणून, लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढे लक्षात ठेवा: दुसऱ्याला लावलेला शब्द चुकला, तर ज्यांच्यासमोर तो लावला त्यांच्यासमोरच, आपल्याच हाताने, तो खोडावा.